कर्करोगाची प्रतिरक्षा आणि कोशिकांतील संकेतमार्ग

शरीरातीलच कोशिका मारक बनल्यावर त्या ओळखून नष्ट करण्याची प्रतिरक्षा तंत्राची क्षमता आणि त्या क्षमतेचे नियमन करणाऱ्या कोशिकांतर्गत संदेशसाखळ्या, यांच्या परस्परसंबंधाचे ज्ञान कसकसे होत गेले त्याचा इतिहास या नोंदीत दिला आहे. कोशिकेच्या पृष्ठभागावर ग्राही नावाची प्रथिने असतात. त्यांपैकी एखाद्यास बाहेरचा विशिष्ट रेणू चिकटला म्हणजे त्याच्या कोशिकेतील टोकाशी रासायनिक बदल घडून येतो. हा बदल एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे पोहोचविला जातो व अखेरीस कोशिकाकेंद्रातील काही जनुके कार्यान्वित होतात किंवा त्यांचे कार्य थांबते. या साखळीस संकेतमार्ग असे म्हणतात. पुष्कळशा साखळ्यांत संदेश पुढे नेण्याचे काम प्रथिनास फॉस्फेट गट जोडणारी कायनेज एंझाइमे करतात आणि तो गट काढून टाकून संदेश खंडित करण्याचे काम फॉस्फॅटेज एंझाइमे करतात. कर्करोगास शरीर विरोध करते की नाही, हा प्रश्न विसाव्या शतकात दीर्घकाळ वादग्रस्त राहिला. त्याचा निर्णय अर्बुदांच्या निरीक्षणाने वा शस्त्रक्रियेच्या अनुभवाने लागला नाही. या साखळ्यांतील एकेक दुवा हाती येत गेला तेव्हाच तो लागला.

प्रारंभीचे प्रयत्न : न्यूयॉर्क येथील शल्यचिकित्सक विल्यम कोली (१८६२–१९३६) यांना रुग्णालयातील जुन्या नोंदी चाळताना एका रुग्णाची हकीकत आढळली. मानेतील सार्कोमा (संयोजी ऊतकातील मारक अर्बुद) शस्त्रक्रियेने वारंवार काढूनही पुन्हा वाढत होता. मात्र रुग्णास धावरे हा जंतुजन्य त्वचारोग झाल्यावर अर्बुद नाहीसे झाले. कोली यांनी त्या रुग्णाचा शोध घेतला, तेव्हा कित्येक वर्षांनंतरही तो निरोगी असल्याचे दिसले. यावरून १८९१ मध्ये त्यांनी एका असाध्य रुग्णास धावऱ्याचे जिवंत जंतू मुद्दाम टोचले. रुग्णास तीव्र ताप आला, अर्बुद ओसरत गेले आणि तो आणखी सु. आठ वर्षे जगला. जिवंत जंतूंनी काही रुग्ण दगावल्यामुळे कोली यांनी पुढे मारलेल्या जंतूंचे मिश्रण वापरले. तथापि परिणाम अनिश्चित असत, मात्रा ठरविता येत नसे आणि हे का घडते याचे उत्तर कोणापाशीच नव्हते. क्ष-किरण व रेडियम चिकित्सेचा प्रसार झाल्यावर ही पद्धत मागे पडली. तिचे स्पष्टीकरण मिळण्यास शंभर वर्षे लागली. जंतूंच्या आवरणातील रेणू ओळखणारे टोल-सदृश ग्राही व त्यांपासून निघणारे संकेतमार्ग १९९६–९८ या काळात उघड झाले, तेव्हा जंतूंच्या अवशेषांनी निद्रिस्त प्रतिरक्षा का जागी होते हे समजले. कोली यांच्या हाती परिणाम होता, कारण नव्हते. मूत्राशयाच्या उथळ कर्करोगावर बीसीजी लशीचा उपयोग १९७६ पासून यशस्वी रीत्या होत आला आहे, तोही याच जातीचा होय.

निगराणीची कल्पना व तिची पीछेहाट : प्रतिरक्षा नसती तर कर्करोग पुष्कळच अधिक प्रमाणात आढळला असता, असे मत पाउल एर्लिख (१८५४–१९१५) यांनी १९०९ मध्ये मांडले होते. त्या काळी ते पडताळून पाहण्याचे साधन नव्हते. एका उंदराचे अर्बुद दुसऱ्यात रोपले असता ते नाकारले जाई. पण कोणतेही परके ऊतक असेच नाकारले जाते, हे कळल्यावर अशा प्रयोगांचे महत्त्व उरले नाही. जनुकीय दृष्ट्या एकसारखे असलेले अंतःप्रजनित उंदीर उपलब्ध झाल्यावर १९५७ मध्ये आर. टी. प्रेन व जे. एम. मेन यांनी निर्णायक प्रयोग केला. मिथिलकोलँथ्रीन या रसायनाने उत्पन्न केलेले अर्बुद ज्या उंदरात वाढवून नंतर काढून टाकले होते, तो उंदीर तेच अर्बुद पुन्हा रोपल्यास नाकारी. त्याच वंशाच्या उंदराची निरोगी त्वचा मात्र स्वीकारी. म्हणजेच अर्बुदापाशी स्वतःची अशी काही ओळख असली पाहिजे, हे सिद्ध झाले. याच सुमारास लूइस टॉमस व फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट (१८९९–१९८५) यांनी ‘प्रतिरक्षा निगराणी’ची कल्पना मांडली. शरीरात मारक कोशिका वरचेवर निर्माण होत असतात आणि लसीका कोशिका त्यांचा वेळीच नाश करतात, असे तिचे सूत्र होते.

ही कल्पना आकर्षक होती. तिला धक्का बसला तो १९७४ मध्ये. ओझियस स्टूटमन यांनी यौवनलोपी (थायमस) ग्रंथीविना जन्मणाऱ्या केशहीन उंदरांना तेच कर्ककारी रसायन टोचले. टी लसीका कोशिका याच ग्रंथीत परिपक्व होतात. म्हणून या उंदरांत अर्बुदे अधिक व लवकर व्हावयास हवी होती. तसे झाले नाही. प्रयोग काळजीपूर्वक केलेला होता आणि त्याचे निष्कर्ष त्या वेळच्या ज्ञानाप्रमाणे रास्त होते. परंतु केशहीन उंदरांत थोड्या टी कोशिका असतात, त्यांच्यात मारक वृत्तीच्या इतर लसीका कोशिका भरपूर असतात आणि वापरलेल्या वंशात त्या रसायनाचे कर्ककारी रूपांतर करणारे एंझाइम विशेष प्रभावी असते, या गोष्टी नंतर कळल्या. तोवर निगराणीची कल्पना बहुतेक कर्करोगतज्ञांनी सोडून दिली होती. पुढील सु. वीस वर्षे प्रतिरक्षेच्या मार्गाने कर्करोगावर उपचार शोधणाऱ्यांकडे काहीशा संशयानेच पाहिले गेले. एका प्रयोगाच्या नकारात्मक निष्पत्तीने संपूर्ण विषय इतका काळ थबकावा, अशी उदाहरणे वैद्यकाच्या इतिहासात थोडीच आहेत.

संकेतमार्गांचा शोध : याच उपेक्षेच्या काळात, कर्करोगाच्या प्रतिरक्षेशी वरवर संबंध नसलेल्या प्रयोगशाळांत आवश्यक ते ज्ञान साठत होते. १९७९ मध्ये कॅलिफोर्नियातील सॉल्क संस्थेत टोनी हंटर यांना टायरोसीन या ॲमिनो अम्लास फॉस्फेट जोडणारे कायनेज आढळले. वापरातला उभय प्रतिरोधी विद्राव शिळा झाल्याने त्याची अम्लता बदललेली होती व म्हणूनच एरवी एकत्र राहणारे दोन पदार्थ वेगळे झाले. ताजा विद्राव घेतला असता तर हा शोध त्या दिवशी लागला नसता. अर्बुदे निर्माण करणाऱ्या काही विषाणूंची प्रथिने अशीच कायनेजे असल्याचे दिसून आले आणि कर्करोग हा मूलतः संकेतवहनाचा बिघाड आहे, हा विचार रुजला.

टी कोशिका कशी उद्दीपित होते हेही याच पद्धतीने उलगडत गेले. तिच्या प्रतिजन-ग्राहीची जनुके १९८४ मध्ये हाती आली. हा ग्राही स्वतः एंझाइम नाही. दुसऱ्या कोशिकेने आपल्या पृष्ठभागावर मांडलेला प्रथिनाचा तुकडा त्याने ओळखला, की एलसीके हे कायनेज त्याच्या सोबतच्या साखळ्यांना फॉस्फेट जोडते, तेथे झॅप-७० हे दुसरे कायनेज येऊन बसते आणि पुढे मार्ग फुटतात. एका फाट्याने कोशिकेतील कॅल्शियम वाढून कॅल्सिन्यूरीन हे फॉस्फॅटेज जागे होते, दुसऱ्याने रास प्रथिनाची साखळी सुरू होते. अवयवरोपणात वापरले जाणारे सायक्लोस्पोरीन हे औषध नेमके कॅल्सिन्यूरीनच रोखते, हे १९९१ मध्ये दिसून आले. संकेतमार्गातील एकच दुवा बंद केल्याने संपूर्ण प्रतिरक्षा मंदावते, याचा तो प्रत्यक्ष पुरावा होता.

मात्र एवढ्याने टी कोशिका कामास लागत नाही. प्रतिजनाच्या ओळखीबरोबर दुसरा संकेतही आवश्यक असावा, असे तर्कशास्त्रीय अनुमान १९७० मध्येच मांडले गेले होते. हा दुसरा संकेत सीडी २८ या ग्राहीकडून येतो. त्याला जुळणारी बी ७ प्रथिने प्रामुख्याने संक्रमणाची चाहूल लागलेल्या कोशिकांवर असतात. बहुतेक अर्बुदांवर ती नसतात. अर्बुदाची ओळख पटूनही प्रतिरक्षा स्वस्थ का बसते, याचे पहिले समाधानकारक उत्तर येथे मिळाले.

इंटरफेरॉन व निगराणीचे पुनरुज्जीवन : विषाणूंना अटकाव करणारा इंटरफेरॉन हा पदार्थ ॲलिक आयझॅक्स व जाँ लिंडेनमान यांनी १९५७ मध्ये लंडन येथे शोधला [→ इंटरफेरॉन]. त्याचा गॅमा हा प्रकार मुख्यतः लसीका कोशिका स्रवतात. त्याचा संदेश कोशिकाकेंद्रापर्यंत कसा जातो, ते १९९० नंतरच्या चार-पाच वर्षांत जेम्स डार्नेल, जॉर्ज स्टार्क व इयन कर यांच्या गटांनी शोधून काढले. ग्राहीस इंटरफेरॉन चिकटताच त्याच्या आतील टोकाशी असलेली जॅक कायनेजे स्टॅट नावाच्या प्रथिनास फॉस्फेट जोडतात व ते प्रथिन थेट कोशिकाकेंद्रात जाऊन जनुके चालू करते. ‘जॅक’ हे नाव दोन तोंडांच्या जेनस या रोमन देवतेवरून पडले आहे, कारण या एंझाइमात कायनेजासारखे दोन भाग असतात. पुढील हकीकत पाहता हे नाव आणखीही एका अर्थाने समर्पक ठरले.

सेंट लूइस येथील रॉबर्ट श्रायबर यांनी हा मार्ग कर्करोगाच्या अभ्यासात आणला. ज्या अर्बुदकोशिकांत गॅमा इंटरफेरॉनाचा ग्राही निकामी केला होता, त्या सामान्य उंदरांतही नाकारल्या जात नाहीत, असे १९९४ मध्ये ए. एस. दिघे, श्रायबर व त्यांचे सहकारी यांनी दाखविले. १९९८ मध्ये ग्राही किंवा स्टॅट-१ नसलेल्या उंदरांना मिथिलकोलँथ्रीन टोचले असता त्यांच्यात अर्बुदे कितीतरी अधिक व लवकर झाली. स्टूटमन यांच्या प्रयोगाचेच हे उत्तर होते. फरक एवढाच, की या वेळी प्रतिरक्षेतील नेमका कोणता दुवा काढून घेतला आहे हे ठाऊक होते. २००१ मध्ये याच गटाने लसीका कोशिकाच नसलेल्या उंदरांत वाढलेली अर्बुदे सामान्य उंदरांत रोपली, त्यांपैकी सु. ४० टक्के नाकारली गेली. सामान्य उंदरांत उद्भवलेली अर्बुदे मात्र तशाच रोपणानंतर वाढत राहिली. याचा अर्थ असा, की प्रतिरक्षा ओळखण्याजोग्या कोशिका निवडून मारते आणि न ओळखता येणाऱ्या मागे राहतात. निर्मूलन, समतोल व निसटणे अशा तीन अवस्थांचा सिद्धांत यावरून मांडण्यात आला. बर्नेट यांची कल्पना अपुरी होती, चुकीची नव्हती.

रोधक ग्राही : १९८७ मध्ये फ्रान्समधील मार्से येथे टी कोशिकांत सीटीएलए-४ हे प्रथिन आढळले. ते सीडी २८ सारखे दिसते व त्याच बी ७ प्रथिनांना, पण अधिक घट्ट, चिकटते. ते उत्तेजक आहे की रोधक, यावर काही वर्षे मतभेद होता. हे जनुक काढून टाकलेले उंदीर १९९५ मध्ये तयार झाले व लसीका कोशिकांच्या बेसुमार वाढीने तीन-चार आठवड्यांतच मेले, तेव्हा तो लगाम आहे याबद्दल शंका उरली नाही. बर्कली येथील जेम्स ॲलिसन (१९४८– ) यांनी याचा अर्थ वेगळ्या रीतीने घेतला. अनेकांनी स्वप्रतिरक्षाजन्य रोगांत हा लगाम आवळण्याचा विचार केला. ॲलिसन यांनी कर्करोगात तो सैल करावा असे ठरविले. १९९६ मध्ये त्यांनी या प्रथिनास अडविणारे प्रतिपिंड अर्बुदग्रस्त उंदरांना दिले व अर्बुदे नाहीशी झाल्याचे प्रसिद्ध केले.

मानवातील चाचण्यांना बराच काळ लागला. या उपचारात अर्बुद आकुंचन पावण्यापूर्वी काही वेळा मोठे झालेले दिसते, कारण त्यात लसीका कोशिका शिरतात. रासायनिक औषधांसाठी ठरविलेल्या मापाने अशा रुग्णास अपयशी गणले जाई. अशाच प्रकारच्या एका प्रतिपिंडाची मोठी चाचणी २००८ मध्ये निष्फळ समजून थांबविली गेली. आयपिलिम्युमॅब या प्रतिपिंडाच्या ६७६ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये आले : पसरलेल्या मेलॅनोमाच्या (त्वचेतील रंगद्रव्य-कोशिकांच्या कर्करोगाच्या) रुग्णांचा मध्यम जीवितकाल सु. ६ महिन्यांवरून १० महिन्यांवर गेला. वाढ लहान दिसते. परंतु पाचांपैकी साधारणतः एक रुग्ण तीन वर्षांनंतरही जिवंत राहतो व त्यानंतर मृत्यूंचे प्रमाण अगदी कमी होते, ही गोष्ट या रोगात पूर्वी ऐकिवात नव्हती. २०११ मध्ये अमेरिकेत या औषधास मान्यता मिळाली.

दुसरा लगाम क्योटो येथे सापडला. तासुकू होन्जो (१९४२– ) व त्यांचे सहकारी कोशिकांच्या नियोजित मृत्यूस कारण होणारी जनुके शोधत असता १९९२ मध्ये पीडी-१ हे प्रथिन आढळले. त्याचा मृत्यूशी तसा संबंध नाही, हे पुढे स्पष्ट झाले. नाव मात्र राहून गेले. ते नसलेल्या उंदरांत स्वप्रतिरक्षाजन्य विकार उशिरा व सौम्य प्रमाणात होतात, यावरून हा लगाम सोडणे तुलनेने कमी धोक्याचे असावे असा अंदाज बांधता आला व तो खरा ठरला. पीडी-१ ला जुळणारे पीडी-एल १ हे प्रथिन कित्येक अर्बुदे आपल्या पृष्ठभागावर धारण करतात, असे २००२ पर्यंत दिसून आले. पीडी-१ उद्दीपित होताच त्याच्या आतील टोकाशी एसएचपी-२ हे फॉस्फॅटेज येते व टी कोशिकेतील संदेश पुसून टाकते. यात प्रतिजन-ग्राहीपेक्षा सीडी २८ वरील फॉस्फेट प्रामुख्याने काढले जातात, असे २०१७ मध्ये आढळले. म्हणजे ‘दुसरा संकेत’ हेच या लगामाचे खरे लक्ष्य होय. पीडी-१ विरोधी प्रतिपिंडे २०१४ मध्ये जपान व अमेरिकेत उपयोगात आली. ॲलिसन व होन्जो यांना २०१८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. प्रतिरक्षेस आवर घालणाऱ्या नियामक टी कोशिकांच्या शोधाबद्दल शिमोन साकागुची, मेरी ब्रंकाउ व फ्रेड रॅम्झडेल यांना २०२५ चे पारितोषिक देण्यात आले. या कोशिकांवरही सीटीएलए-४ विपुल असते.

लगाम सोडण्याची किंमत रुग्णास द्यावी लागते. आतडे, त्वचा, यकृत, फुप्फुसे व अंतःस्रावी ग्रंथी यांवर टी कोशिका हल्ला करतात. हृदयाच्या स्नायूचा दाह क्वचित होतो, पण तो प्राणघातक ठरू शकतो.

अर्बुदाचे स्वतःचे संकेतमार्ग : आजही बहुसंख्य रुग्णांस या प्रतिपिंडांचा टिकाऊ लाभ होत नाही. याचे एक कारण अर्बुदकोशिकांच्या आत आहे. ज्या बिघडलेल्या मार्गांमुळे त्यांची वाढ अनिर्बंध होते, तेच मार्ग प्रतिरक्षेसही दूर ठेवतात. मेलॅनोमात बीटा-कॅटेनीन हा मार्ग सतत चालू असल्यास डेंड्रायटिक कोशिकांना बोलावणारा रासायनिक संदेश निघत नाही व त्यांच्याविना टी कोशिका अर्बुदात शिरतच नाहीत, असे शिकागो येथील टॉमस गायेव्स्की यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखविले. पीटेन हे रोधक प्रथिन नष्ट झाल्यानेही असाच परिणाम होतो. काही अर्बुदांभोवतीचे तंतुमय ऊतक टीजीएफ-बीटा या संदेशद्रव्याच्या प्रभावाखाली टी कोशिकांना बाहेरच अडवून धरते. अशा अर्बुदांत लगाम सोडून उपयोग नाही, कारण ज्याचा लगाम सोडावयाचा ती कोशिकाच तेथे नसते.

इंटरफेरॉनाच्या मार्गाचे दुसरे तोंड येथे दिसते. टी कोशिकेने सोडलेल्या गॅमा इंटरफेरॉनामुळे जॅक-स्टॅट मार्गाने अर्बुदकोशिका आपले प्रतिजन अधिक ठळकपणे मांडते आणि मारली जाते. पण त्याच मार्गाने ती पीडी-एल १ हेही निर्माण करते व हल्लेखोरास थोपविते. पीडी-१ विरोधी उपचाराने बरे वाटून नंतर पुन्हा रोग बळावलेल्या चार मेलॅनोमा रुग्णांची तपासणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी दोघांच्या अर्बुदांत जॅक-१ किंवा जॅक-२ हे जनुक निकामी झालेले होते; तिसऱ्यात प्रतिजन मांडण्यास लागणारे प्रथिन नव्हते. श्रायबर यांनी उंदरांत हेतुपुरस्सर केले तेच रुग्णाच्या शरीरात निवडीने आपोआप घडले होते. उलट हा मार्ग दीर्घकाळ चालू राहिल्यास टी कोशिका थकतात. म्हणून प्रतिपिंडाच्या जोडीने काही काळ जॅक-रोधक औषध देण्याचे प्रयोग फुप्फुसाचा कर्करोग व हॉजकिन रोग यांत करण्यात आले. त्यांचे उत्साहवर्धक निष्कर्ष २०२४ मध्ये आले, पण रुग्णसंख्या लहान होती. एकच मार्ग केव्हा चालू असावा व केव्हा बंद, हा प्रश्न मार्गाच्या शोधापेक्षा कठीण ठरत आहे.

भारतातील कार्य : पीडी-१ विरोधी प्रतिपिंडांची किंमत भारतीय रुग्णांपैकी फार थोड्यांना परवडते. तंबाखूमुळे आपल्याकडे विपुल असलेल्या मुख व घशाच्या कर्करोगात मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील तज्ञांनी निव्होल्युमॅबची केवळ २० मिग्रॅ. मात्रा (प्रचलित मात्रा २४० मिग्रॅ.) दर तीन आठवड्यांनी, तोंडाने घ्यावयाच्या स्वस्त औषधांच्या जोडीने देऊन पाहिली, या औषधांपैकी एक अर्बुदकोशिकेतील वाढीचा संकेतमार्ग रोखणारे आहे. १५१ रुग्णांच्या या चाचणीत एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. ग्राही व्यापण्यास किती प्रतिपिंड लागते, हा संकेतवहनाचा साधा प्रश्न. तो दरिद्री रुग्णांच्या दृष्टीने मात्र जगण्यामरण्याचा आहे. प्रचलित मात्रा ठरविताना तो पुरेसा विचारला गेला नव्हता, असे म्हणावे लागते.

रुग्णाच्या टी कोशिकांत कृत्रिम ग्राही घालण्याची कल्पना इझ्राएलमधील झेलिग एशहार यांनी १९८९ मध्ये प्रत्यक्षात आणली. प्रारंभीच्या ग्राहीत केवळ पहिल्या संकेताचा भाग होता आणि त्या कोशिका शरीरात टिकत नसत. सीडी २८ किंवा ४-१बीबी या सहउत्तेजक ग्राहीचा आतील तुकडा जोडल्यावर त्या टिकून राहू लागल्या आणि २०१७ मध्ये रक्तार्बुदावरील असा पहिला उपचार अमेरिकेत मान्य झाला. मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था (पवई) व टाटा स्मारक केंद्र यांनी ४-१बीबीचा तुकडा असलेला ग्राही देशातच विकसित केला. त्यास ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. त्याचा खर्च अमेरिकेतील उपचाराच्या सु. एक दशांश आहे. हा उपचार बी लसीका कोशिकांच्या कर्करोगांपुरता आहे. घन अर्बुदांत अशा कोशिकांचा फारसा उपयोग झालेला नाही, कारण तेथे त्यांना पीडी-एल १, टीजीएफ-बीटा यांसारख्या वर वर्णिलेल्या सर्व रोधक संकेतांना तोंड द्यावे लागते.